ड्रायव्हरचं कौतुक करताना या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल-चादरीचा धंदा करायचा तर ड्रायव्हरशिवाय एक दिवस निघत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून गाठी छोट्या हत्तीत चढतात, ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतात. किरकोळ ऑर्डरची पार्सलं कुरियरच्या व्हॅनमधून घरोघरी जातात. मी डिस्पॅच सांभाळतो. ड्रायव्हरांना बक्षीस द्यायचं ठरवलं आणि पहिल्याच वर्षी आम्ही चांगली माणसं दुखावली. खालच्या बऱ्याचशा चुका आमच्याच आहेत.

फेऱ्या मोजून बक्षीस देणं

महिन्यात जास्तीत जास्त पार्सलं पोचवील त्याला जादा पैसे, असं आम्ही जाहीर केलं. पंधरा दिवसांत परिणाम दिसला. जेवणाचे डबे तसेच परत यायला लागले, सिग्नल तुटायला लागले आणि फोन न करताच ‘ग्राहक घरी नाही’ असा शेरा पडायला लागला. त्यात एरियाही सारखे नसतात. साखर पेठेच्या बोळात गाडी शिरत नाही. तोंडाशी लावून गठ्ठा खांद्यावर न्यावा लागतो. जुळे सोलापुरात बहुतेक ठिकाणी गाडी थेट गेटपाशी लागते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वज मिरवणुकीला रस्ते बंद असतात, तेव्हा रोजच्या निम्मी पार्सलं पोचली तरी ते मोठं काम असतं. आकड्यांवर गेलो तर सोपा एरिया मिळालेलाच दर महिन्याला जिंकणार.

यावर उपाय म्हणजे एरिया आलटून-पालटून द्या. प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा. माल शाबूत पोचला का, पोच पावती नीट आली का, गाडीला आणि माणसाला ओरखडा तरी आला का, हे बघा. वेगासाठी एक रुपयाही देऊ नका.

जे घडलं नाही, त्याची नोंद न ठेवणं

ही चूक मला अजून सलते. एप्रिलची दुपार, ऊन चाळीसच्या पुढे. चारच्या सुमाराला एकदम आभाळ भरून आलं. टॉवेलच्या गाठी घेऊन निघालेल्या आमच्या अण्णांनी गाडी कडेला घेतली, ताडपत्री सोडली, दोर एकेका कडीतून ओवून आवळला, मागच्या फाळक्याच्या फटीत जुनी पोती कोंबली आणि मगच गाडी हलवली. अवकाळी पाऊस झोडपून गेला, पण एक गाठ भिजली नाही. टेरी टॉवेल पाणी शोषायलाच विणलेला असतो. गाठीत पाणी शिरलं की डाग पडतात, वास बसतो आणि माल परत येतो.

आमच्या रजिस्टरमध्ये त्या दिवसापुढे एवढंच होतं : ‘पाऊण तास उशीर.’ त्याच उशिरामुळे महिनाअखेरीला अण्णांचं नाव यादीतून गळलं. ते स्वतः काही बोलले नाहीत. पुढे बऱ्याच दिवसांनी हमालाकडून कळलं. तेव्हापासून उशिराचं कारण ड्रायव्हरलाच विचारायचं आणि त्याच्याच शब्दांत लिहायचं, असा नियम केला.

भत्ता थकवून शाल देणं

दोन महिन्यांचा भत्ता बाकी आणि हातात शाल-श्रीफळ, याला सत्कार म्हणत नाहीत. आधी हिशेब चुकता करा. फाटलेल्या पार्सलचे पैसे चौकशी न करता पगारातून कापत असाल, तर तेही थांबवा.

गाडीची पूजा, माणूस बाजूला

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार, नारळ, हळद-कुंकू, सगळं होतं. वर्षभर ती चालवणारा मात्र हार बांधून बाजूला उभा असतो. त्याच सकाळी त्याला पुढे बोलवा, नाव घेऊन, नेमकं काय केलं ते चारचौघांत सांगा. घरची माणसं आलेली असतील तर फारच चांगलं.

आणि विम्याचं बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे. 18 ते 70 वयाच्या खातेदाराला ती घेता येते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख रुपये मिळतात. योजनेचं वर्ष 1 जूनपासून धरतात, म्हणून मे अखेरीला खात्यात शिल्लक नसली तर हप्ता कापला जात नाही आणि विमा तुटतो. मे महिन्यात प्रत्येक ड्रायव्हरचं पासबुक बघायला दहा मिनिटं पुरतात. ती काढाच.

बक्षीस दिलं आणि कुरबुर सुरू झाली, तर?

बहुतेक वेळा कारण एकच असतं, निकष आधी सांगितलेले नसतात. पुढच्या महिन्याच्या 1 तारखेलाच ते फळ्यावर लिहा. मालकाच्या ओळखीतल्यालाच मिळालं, अशी कुजबुज असेल तर निवडीला एक हमाल आणि एक जुना ड्रायव्हर बसवा. रस्त्यावर कोण कसं वागतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. बक्षीस घेणाराच अवघडून जात असेल, तर रोख पाकिटाऐवजी त्याला काय हवं ते विचारा. आमच्याकडे एकाने भर उन्हाळ्यात दुपारची फेरी संध्याकाळी मागून घेतली.

आता रजिस्टरमध्ये ‘सांभाळलं’ असा एक नवा रकाना आहे. त्यातली पहिली ओळ मी स्वतः, मागची तारीख घालून, लिहिली : ‘अण्णा. ताडपत्री वेळेत बांधली. सगळ्या गाठी कोरड्या.’