पहिला पेपर वाचायला जाताना

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना रत्नागिरीत संभाव्यताशास्त्राच्या एका परिषदेत मी पहिला पेपर वाचला. राजापूरहून पहाटेच्या एसटीने निघालो तेव्हा पोटात गोळा आला होता.

विषय घरचाच होता, हापूसमधला साका, म्हणजे गर आतून खराब होण्याचा दोष. फळ बाहेरून देखणं दिसतं, कापल्याशिवाय काही कळत नाही. पाच डझनाच्या पेटीतली पाच फळं कापली, तर पेटीचा अंदाज किती भरवशाचा? प्रत्येक फळात साका असण्याची संभाव्यता ०.१ धरली आणि फळं परस्परांपासून स्वतंत्र मानली, की पाचही चांगली निघण्याची संभाव्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के. एवढं सांगून थांबलो, तोच मागून एका मॅडमनी विचारलं, "फळं खरंच स्वतंत्र असतील, तर पाच कापून उरलेल्या पंचावन्नांबद्दल तुला काय कळलं?"

काहीच नाही! हे मला तिथे उभ्या उभ्या उमगलं.

चहाच्या वेळी त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. समजा, निम्म्या पेट्यांत साका अजिबात नाही आणि निम्म्यांत दर फळामागे ०.२. सरासरी तीच. पण आता पाचही चांगली निघण्याची संभाव्यता ६६ टक्के होते आणि ती तशी निघाली, तर उरलेल्या फळांसाठी साक्याची संभाव्यता ०.१ वरून ०.०५ च्या आसपास उतरते. एका पेटीतली फळं परस्परांशी बांधलेली असतात म्हणूनच नमुना बोलतो.

तेव्हा नव्याने जाणाऱ्यांनो, गृहीतकं शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात ढकलू नका, सुरुवातीलाच मोठ्याने सांगा. पंधरा मिनिटांत पूर्ण सिद्धता मावत नाही. एक उदाहरण आकड्यांसकट नीट सांगितलंत तरी पुष्कळ. सारांशात निष्कर्ष लिहा, नुसतं 'अभ्यास केला आहे' नको. दुसऱ्यांची सत्रं चुकवू नका. पुराच्या अंदाजावरच्या एका व्याख्यानात कळलं की शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, म्हणजे दर वर्षी येण्याची संभाव्यता १ टक्का असलेला, तीस वर्षांत किमान एकदा येण्याची संभाव्यता २६ टक्के असते, अर्थात वर्षं स्वतंत्र मानली तर. ती खरंच स्वतंत्र असतात का, हा प्रश्न या वेळी मी विचारला.

आणि चहा टाळू नका. माझा खरा पेपर तिथेच सुरू झाला. यंदा बागेत प्रत्येक पेटीवर कलमाचा नंबर लिहून घेतोय.