शिसं वाळूला टेकलं पाहिजे: सँडी हुकला फ्लूक गरवताना

मी मूळची देवबागची. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, असं आमचं गाव. न्यू जर्सीत आल्यावर पहिल्यांदा सँडी हुकला गेले आणि गाडीतून उतरल्या उतरल्या थबकले. तशीच पट्टी, इकडे अटलांटिक, तिकडे खाडी. त्या खाडीच्या वाळूत आपल्या लेप्याचा, त्या चपट्या माशाचा, थोरला भाऊबंद राहतो हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. इथे त्याला फ्लूक म्हणतात, कागदोपत्री समर फ्लाउंडर. गेली अकरा वर्षं मी त्याला गरवायला जाते. आपली बरीच मंडळी इथे राहतात, मासे आवडीने खातात, पण दुकानातल्या बर्फावरच्या माशावर भागवतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी मासा ओळखा. लेपो जिभेसारखा लांबट असतो. फ्लूक रुंद असतो आणि तोंड आपल्या भाकसासारखं मोठं, दातेरी. गरी काढताना त्या तोंडात बोट घालू नका, पक्कड वापरा. पिल्लू असताना त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढताना उजवा डोळा डोक्यावरून सरकत डावीकडे येतो, आणि मग मासा उजव्या कुशीवर कायमचा आडवा होतो. वरची बाजू तपकिरी ठिपक्यांची, खालची पांढरीशुभ्र. वरचा रंग तळाप्रमाणे बदलतो. अंगावर वाळू ओढून, फक्त डोळे वर ठेवून तो पडून राहतो आणि डोक्यावरून काही गेलं की झेपावतो.

फ्लूक गरवण्याची सगळी युक्ती या एका सवयीत आहे. बाबा कर्लीत पाग (फेकायचं जाळं) टाकायचे तेव्हा सांगायचे, "लेपो तुझ्याकडे येवचो नाय, तुकाच त्येच्याकडे जावक व्हया." आमिष एका जागी टाकून बसलात तर वागळीच्या जातीचे स्केट मासे लागतील, खेकडे आमिष कुरतडतील. फ्लूक हवा असेल तर आमिष तळावरून सतत पुढे सरकत राहिलं पाहिजे. म्हणून इथे नांगर टाकत नाहीत. होडी पाण्याबरोबर वाहू देतात आणि गरी मागून वाळूवर फरफटत येते.

पहिल्यांदा जाणार असाल तर स्वतःच्या होडीचा विचारही करू नका. कीपोर्ट, अटलांटिक हायलँड्स, बेलमार, पॉइंट प्लेझंट इथून उन्हाळ्यात रोज अर्ध्या दिवसाच्या बोटी सुटतात. रॉड भाड्याने मिळतो, आमिष बोटीवर असतं आणि मदतनीस गाठी मारून देतो. त्याला परतताना बक्षिशी द्यायची, तो दिवसभर तुमच्यासाठी राबलेला असतो. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्री एक आणि निघण्यापूर्वी तासभर एक. बोटीत बसल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नसतो.

नियम मात्र घरूनच वाचून निघा. हा मासा न्यू जर्सीत मनाला येईल तेव्हा, येईल तेवढा धरता येत नाही. २०२४ साली हंगाम ४ मे ते २५ सप्टेंबर होता, राज्याच्या बहुतेक पाण्यात किमान लांबी १८ इंच आणि माणशी ३ मासे. हे आकडे बदलतात, म्हणून दर वसंतात राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाचं पान उघडायचं. खाऱ्या पाण्यात गरवायला इथे पैसे भरून परवाना लागत नाही, पण किनाऱ्यावरून किंवा स्वतःच्या होडीतून गरवणार असाल तर फुकटची नोंदणी करावी लागते. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात. साडेसतरा म्हणजे सतराच. ओल्या हाताने धरून तो परत सोडा. कोरड्या हाताने त्याचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर हेच त्याचं चिलखत असतं. अठरा इंचांच्या वरचे मासे जवळजवळ सगळे मादी असतात, म्हणून तीनची मुभा असली तरी मी दोनच आणते. चार माणसांच्या घराला दोन पुरतात.

आता सामान. रॉड साडेसहा-सात फुटी, मध्यम ताकदीचा. रीळ ३००० किंवा ४००० मापाचं. त्यावर १५ ते २० पौंडी विणलेला दोर. नायलॉनचा नको, तो ताणतो आणि तळाची खबर हातापर्यंत पोचत नाही. दोराच्या टोकाला तीन तोंडांची फिरकी बांधायची, दुकानात 'थ्री-वे स्विव्हल' म्हणून मागा. एका तोंडाला दोर, दुसऱ्याला वीतभर दोरीवर शिसं, तिसऱ्याला तीन फूट फ्लुरोकार्बनचा लीडर (गरीआधीचा जोडदोर) आणि ४/० मापाची रुंद पोटाची गरी. बस. दुकानात रंगीत मणी, चकत्या, पिसं यांच्या भिंती असतात. त्यातलं थोडं मीही वापरलंय, वाईट नाही, पण पहिले दोन हंगाम याची गरज नाही.

आमिष म्हणजे माकुलाची (स्क्विडची) पट्टी. माकूल स्वच्छ करून चार-पाच इंच लांबीची, एका टोकाला निमुळती होत जाणारी पट्टी कापायची आणि रुंद टोकाला गरी एकदाच टोचायची. दोनदा टोचलीत तर ती पाण्यात गुंडाळते, फिरते आणि दोराला पीळ पडतो. पट्टी लहरली पाहिजे. जोडीला स्पिअरिंग नावाचा चांदीच्या पट्ट्याचा बारका मासा डोळ्यांतून ओवा, किंवा जिवंत किली (आमिषाची बारकी मासळी) मिळाली तर खालून वर दोन्ही ओठांतून.

शिसं किती वजनाचं? याचं उत्तर दिवसात चारदा बदलतं. खाडीत पंधरा-वीस फूट पाण्यात दोन औंस पुरतात, प्रवाह वाढला की चार, कालव्याच्या, म्हणजे खाडीतल्या खोल पाण्याच्या वाटेच्या, कडेला सहाही लागतात. दोर सोडत न्या, शिसं तळाला लागलं की दोर ढिला पडतो. मग रॉडचं टोक हळूच वीतभर उचला आणि खाली सोडा. टक. पुन्हा उचला, सोडा. टक. ही 'टक' प्रत्येक वेळी हाताला कळली पाहिजे. कळेनाशी झाली की थोडा दोर सोडा. दोर होडीपासून फार तिरका, पाण्याशी पंचेचाळीस अंशांपेक्षा आडवा जायला लागला, तर शिसं कमी पडतंय, जड लावा. दोर वारेमाप सोडत बसू नका. बोटीवर एक माणूस तीन मासे काढतो आणि शेजारचा कोरडा राहतो, तेव्हा बहुतेक वेळा दोघांचं आमिष एकच असतं. फरक इतकाच की एकाचं वाळूला लागून चाललेलं असतं आणि दुसऱ्याचं वर तरंगत असतं.

पाण्याच्या वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगते. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, चतुर्थी म्हणजे चाराची पाऊणपट तीन, तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी अकरा-बाराच्या आसपास. सँडी हुकला त्याच तिथींना उन्हाळ्याच्या घड्याळाने सकाळी आठ-साडेआठला भरती लागते. एवढी एक खूण लक्षात ठेवली तर बाबांचं गणित इथेही चालतं: पुढे प्रत्येक तिथीला पाऊण तास. फोनवर भरतीचं कोष्टक आहेच, पण तिथी मोजली की प्रवाहाचा जोरही कळतो. उधाणाला पाणी धावतं, शिसं टिकत नाही, खाडी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सावकाश चालतं, नवख्याने ते दिवस निवडावेत. मात्र चालतं पाणी हवंच. भरती संपून सुकती लागायच्या मधली वीस-पंचवीस मिनिटं पाणी थांबतं आणि मासाही तोंड मिटतो. तेव्हा डबा उघडून जेवून घ्या. वारा आणि प्रवाह एकमेकांविरुद्ध असले तरी होडी जागीच अडते. अशा वेळी आमिष लांब फेकून हळूहळू ओढत आणावं लागतं.

जागा? कालव्याच्या कडा, जिथे पंधरा फुटांचं पाणी एकदम पंचवीस होतं. उथळावरची बारकी मासळी प्रवाहाबरोबर कडेवरून खाली घसरते आणि फ्लूक उतारावर तोंड वासून असतो. होडी कडेवरून वाहत गेली आणि मासा लागला की लगेच किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत पकडा. सँडी हुकचं दीपगृह, १७६४ सालचं, दगडी आणि पांढरं, या कामाला मला फार उपयोगी पडतं. यंत्रावर जागा नोंदवता येते, तरी मी दीपगृह बघते. पायी जाणाऱ्यांनी समुद्राच्या बाजूला ओहोटीला जाऊन वाळूचे बांध आणि त्यांच्यामधले खोलगे बघून ठेवावेत आणि भरती चढताना तिथे यावं. फ्लूक कधीकधी घोटाभर पाण्याच्या पुढेच असतो. लांब फेकायचा हट्ट नको.

मासा लागला हे कसं कळतं? झटका बसत नाही. शिसं एकदम जड होतं, ओला टॉवेल अडकल्यासारखं. तिथेच हिसका दिलात तर मासा गेला, कारण त्याने फक्त पट्टीची शेपटी धरलेली असते. रॉडचं टोक त्याच्या दिशेने खाली न्या, मनात तीन मोजा आणि मग एकच लांब, सरळ उचल. नंतर सावकाश गुंडाळत राहा, दोर ढिला पडू देऊ नका. तळातून दोनदा-तीनदा डोकं आपटेल, तो फ्लूकच. नुसताच गुरगुरत आला तर सी रॉबिन, पंखवाला, काटेरी. त्यालाही लोक फेकून देतात, पण त्याच्या शेपटीकडचं मांस घट्ट आणि गोड असतं.

पहिल्या हंगामात माझा सगळ्यात मोठा मासा होडीच्या कडेला येऊन गेला. आनंदाने मी त्याचं डोकं पाण्याबाहेर उचललं. त्याने मान झटकली, गरी उडाली, आणि तपकिरी पाठ हळूहळू खाली जाताना मी बघत राहिले. तेव्हापासून नियम: डोकं पाण्याच्या पातळीवरच ठेवायचं, जाळं आधी पाण्यात धरायचं आणि माशाला डोक्याकडून त्यात आणायचं. शेपटीकडून जाळं लावलं की तो पुढे उसळतो.

ठेवायचा मासा असेल तर ताबडतोब डोक्यावर दांडक्याचा एक नेमका घाव, कल्ले कापून पाच मिनिटं बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात रक्त जाऊ द्या, मग बर्फात. नुसता बर्फ नको; बर्फावर थोडं खारं पाणी ओता, म्हणजे मासा सगळीकडून गार होतो. कापाकापी होडीत करू नका, लांबी मोजता आली पाहिजे. धक्क्यावर या, मग सुरी काढा.

अठरा इंची मासा साधारण दोन पौंडांचा. त्याच्या चार फोडी निघतात, वरच्या बाजूच्या दोन जाड, पांढऱ्या बाजूच्या दोन पातळ. डोक्यामागून शेपटीपर्यंत मधल्या रेषेवर काट्याला लागेपर्यंत चीर द्या, मग सुरी काट्यावर सपाट ठेवून मधून कडेकडे सरकवत न्या. धारदार, लवचिक सुरी हवी. फोडीचं कातडं काढून टाका. आणि इथे माझं कळकळीचं सांगणं: उरलेलं डोकं आणि काटा फेकू नका. धक्क्यावरच्या पिंपात दर रविवारी असे कितीतरी सांगाडे पडलेले असतात आणि ते बघून मला वाईट वाटतं. कालवणाची चव तिथेच आहे. सप्टेंबरात कधी गाबोळी मिळाली तर तीही घ्या.

फोडी तळायच्या. हा मासा नाजूक, चरबी कमी, पाणी जास्त. म्हणून मीठ-हळद लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा आणि सुटलेलं पाणी टिपून घ्या. मग आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं वाटण, चमचाभर मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ. पंधरा मिनिटं पुरे. सुरमईसारखं तासभर ठेवलंत तर मांस भुसभुशीत होतं. दोन भाग रवा, एक भाग तांदळाचं पीठ. बिडाचा तवा चांगला तापवा, तेल तळ झाकेल इतकं. जाड फोड एका बाजूने तीन मिनिटं, उलटून दोन. पातळ फोडी दीड-दीड मिनिटात होतात, त्या शेवटी टाका. एकदाच उलटायचं आणि रुंद उलथण्याने.

कालवणासाठी डोक्यातले कल्ले काढा, काट्याचे तीन तुकडे करा, मणक्याला चिकटलेलं रक्त अंगठ्याने घासून धुवा. ते राहिलं तर हिवस वास येतो. वाटीभर ओलं खोबरं (फ्रोजन चालतं), सहा-सात बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, चार मिरी, हळद आणि अर्धा कांदा गंधासारखं बारीक वाटा. वाटण पातळ करून उकळी आणा, मीठ आणि पाच-सहा आमसुलं घाला, मग डोकं आणि काटे. आठ मिनिटं मंद आचेवर. पळी घालून ढवळू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून फिरवा. शेवटी सहा तिरफळं, बिया काढून किंचित ठेचलेली, आणि चमचाभर खोबरेल तेल. झाकण ठेवून अर्धा तास विसरा. वाढताना काट्याच्या कडेचा, परांच्या मुळाशी असलेला लुसलुशीत भाग जो नीट खातो त्याला द्या. आमच्या घरी तो माझ्या लेकीला जातो; ती इथेच जन्मली, पण काटा चोखायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

उकडा तांदूळ इंडियन ग्रोसरीत मिळतो, तोच लावा. कालवण उरलं तर फ्रीजमध्ये ठेवण्याआधी तिरफळं वेचून काढा, रात्रभर राहिली तर उग्र होतात.