नळीतून प्रत्यक्षात किती गेले?

लातूरमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हा हिशेब अचूक मांडला की आपले काम संपले, अशी माझी समजूत होती. पन्नास किलोच्या रुग्णाला दिवसाला ६५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे किलोमागे १.३ ग्रॅम, असे लिहून मी निश्चिंत होत असे. एका ज्येष्ठ सिस्टरांनी एकदा फीडचा, म्हणजे नळीतून पोटात सोडल्या जाणाऱ्या पातळ आहाराचा, तक्ता माझ्यापुढे धरला. १,२०० मिलिलिटर लिहिले होते, पोटात ७०० गेले होते. सीटी स्कॅनसाठी थांबवलेले फीड पुन्हा सुरू करण्याचे कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते. नव्याने येणाऱ्यांनी सूत्राआधी हा तक्ता वाचावा.

गंभीर आजारात स्नायू किती झपाट्याने झिजतात, हे सुरुवातीला खरे वाटत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूचे काटछेदाचे क्षेत्रफळ दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेले आढळले. मात्र म्हणून पहिल्याच दिवशी भरपूर द्यावे, असे नाही. त्या काळात यकृत स्वतःच साखर तयार करत असते आणि बाहेरून अन्न दिल्याने ही निर्मिती थांबत नाही, त्यामुळे भरपूर दिले तर ते गरजेपेक्षा जास्त होते. शिवाय २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत जास्त प्रथिनांनी फायदा तर झाला नाहीच, उलट मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांत अपायाची शक्यता दिसली. म्हणून ४८ तासांच्या आत नळीतून सुरुवात करावी, पण प्रमाण काही दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवावे.

आमच्याकडे ऊसतोडीवरून थेट भरती झालेले, कित्येक दिवस अर्धपोटी राहिलेले रुग्ण येतात. अशांना एकदम पूर्ण आहार दिला, तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. फीडच्या आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देणे आणि फॉस्फेटची तपासणी रोज मागवणे, एवढे तरी विसरू नये. प्रोपोफॉल हे गुंगीचे औषध चालू असेल, तर त्यातील स्निग्धांशाचे मिलिलिटरमागे १.१ किलोकॅलरीही हिशेबात धरावेत; मी पहिले वर्षभर ते धरले नव्हते.

नातेवाईक घरून वरणाचे निवळ पाणी आणतात. त्यात प्रथिने जवळपास नसतात. पण हे त्यांना दुखावून सांगू नये, कारण रात्रभर दाराबाहेर बसलेल्या आईला तेवढेच करता येत असते. मी त्यांना फीडचा तक्ता दाखवते आणि कालच्यापेक्षा आज किती जास्त गेले, तो आकडा वाचून दाखवते.