बेळगावातून गेम आर्टचा पोर्टफोलिओ पाठवण्याआधी

अर्ज कशाचा करायचा ते आधी ठरवा. नुसतं ‘गेम आर्टिस्ट’ लिहून आलेला मेल कुठल्या लीडकडे पुढं सरकवायचा हेच स्टुडिओतल्या माणसाला कळत नाही. कॅरॅक्टर (पात्रं), एन्व्हायर्नमेंट (परिसर), प्रॉप (सुट्या वस्तू), कन्सेप्ट (आधीची कल्पनाचित्रं), यूआय (स्क्रीनवरची बटणं-पाट्या), इफेक्ट्स, रिगिंग (पात्र हलावं म्हणून आतला सांगाडा) ही सगळी वेगळी कामं आणि ती करणारी माणसंही वेगळी. पहिल्या नोकरीपुरतं त्यातलं एक धरा. आमच्याकडच्या पोरांना बहुतेक करून कॅरॅक्टरच करायचं असतं: अंगात चिलखत, हातात तलवार, मागं आग. हौस म्हणून जरूर करा. नोकरीसाठी मात्र माझं मत प्रॉप आणि एन्व्हायर्नमेंटच्या बाजूनं पडतं. भारतात येणारं बरंचसं काम परदेशी गेमसाठी वाटून दिलेलं असतं, आणि त्यात पिंपं, पेट्या, दारं, भिंती, गाड्या यांचाच भरणा जास्त. १९९७ साली बंगळुरूत सुरू झालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह अशाच कामावर मोठी झाली, इतकी की २०१९ मध्ये रॉकस्टार या परदेशी गेम कंपनीनं तिला विकत घेतलं. पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. म्हणजे बेळगावहून रात्रीच्या बसनं सकाळी पोचता येईल अशा दोन्ही शहरांत हे काम चालतं.

मग विषय. इथं घाई करू नका, कारण पोर्टफोलिओ इथंच घडतो किंवा बिघडतो. युट्यूबवरचं ट्युटोरियल बघून केलेलं जपानी देऊळ आणि साय-फाय बोगदा निवड करणाऱ्यानं पोत्यानं बघितलेला असतो. तुम्ही ज्या वस्तूला हात लावू शकता, जिच्याभोवती फिरू शकता, जिच्या मालकाला ‘हे इथं झिजलं कशानं?’ असं विचारू शकता, ती करा. निपाणी-संकेश्वरच्या पट्ट्यात, हंगामात, एखाद्या गुऱ्हाळावर जा. चरक, चुलवाण, काहील (रस आटवायची मोठी कढई), गूळ ओतायचा वाफा, बाजूला चिपाडांचा ढीग: एवढ्यात एका छोट्या एन्व्हायर्नमेंटचा ऐवज आहे. नुसती काहील घेतली तरी चालेल. बाहेरून काजळीचा जाड थर, आतून घासून घासून चकचकीत, काठाला पाकाचे ओघळ वाळलेले, कड्यापाशी हातानं गुळगुळीत झालेलं लोखंड. एकाच वस्तूवर चार प्रकारचा पृष्ठभाग, आणि प्रत्येकामागं कारण. मुलाखतीत ‘इथं रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) कमी का?’ असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असतं. ट्युटोरियलवाल्याकडे नसतं.

गुऱ्हाळ नको असेल तर वडगावात माग आहेत, खानापुरात कुंभारकाम आणि कौलं आहेत, निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत, उद्यमबागेतल्या शेडमध्ये जुनी लेथ आहे. भाजलेली माती हा तर सुरुवातीला सगळ्यात सोपा माल: चमक नाही, धातू नाही, रंगाची गंमत तेवढी. मुरलेल्या हातासाठी बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती. १२०४ साली रट्ट राजांच्या काळात बांधलेलं हे जैन मंदिर, आणि त्याच्या छतातून खाली उमललेलं दगडी कमळ. ते कमळ पूर्ण करायला बसू नका, गुंतून पडाल. एक खांब घ्या. कातल्यासारखे गोल फिरवलेले भाग असल्यानं त्याचा अर्धा छेद काढून फिरवला की मूळ आकार येतो, आणि मग सगळा वेळ टवके, झीज आणि हातांचा तेलकटपणा यावर घालवता येतो.

फोटो काढायला जाताना पिशवीत काय असावं ते सांगतो. मोजपट्टी, वही, फूटपट्टी, फोनसाठी पॉवर बँक, आणि दहा रुपयांचं एक नाणं. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, फोटोत वस्तूशेजारी ठेवलं की माप कायमचं बरोबर राहतं. दिवस ढगाळ निवडा. कडक उन्हात काढलेल्या फोटोत सावली रंगातच मिसळते आणि टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचं पृष्ठभागाचं चित्र) करताना ती निघत नाही. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. फोटोग्रामेट्री, म्हणजे फोटोंवरून थ्रीडी मॉडेल, करायची असेल तर शेजारशेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून बराच जास्त भाग सारखा यायला हवा. साधारण सत्तर टक्के धरून वस्तूभोवती फिरा, त्यासाठीचं मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पावसाळ्यात गेलात तर ओल्या जांभ्याचे फोटो जरूर काढा, पण ते फक्त बघण्यासाठी. ओला दगड गडद आणि चकचकीत दिसतो. रंगाचा मूळ फोटो कोरड्या दगडाचाच हवा. जून ते सप्टेंबर खानापूरकडे कोरडा दगड शोधून सापडत नाही, तेव्हा हे काम उन्हाळ्यात उरकून ठेवा. किल्ल्यात आणि कॅम्पात लष्कराची हद्द कुठं लागते ते आधी विचारून घ्या, तिकडं कॅमेरा वळवू नका, ड्रोनचा विचारही नको. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते, म्हणून हातानंच काढायची सवय बरी. आणि खासगी शेडमध्ये जाल तर मालकाला फोटो कशासाठी ते नीट सांगा. ‘गेममध्ये तुमची काहील येणार’ म्हटल्यावर गुळाची ढेप हातात पडते, हा फायदा वेगळा.

चित्रकलेचं काय, हा प्रश्न येतोच. सॉफ्टवेअर येतं म्हणून चित्र काढायचं सोडणारे पुढं अडतात. बेळगावात या बाबतीत रडायला जागा नाही. के. बी. कुलकर्णींसारखे गुरू या गावात होते, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले, १९३५ साली बेळगावातच जन्मलेले रवी परांजपे देशभर इलस्ट्रेशनसाठी नावाजले गेले. पुस्तकं, प्रदर्शनं, जुनी कॅलेंडरं, जे मिळेल त्यात त्यांच्या चित्रांतला प्रकाश बघा. रंगापेक्षा उजेड-सावलीची मांडणी बघा. रोज अर्धा तास गणपत गल्लीत किंवा स्टँडवर उभं राहून माणसं आणि गाड्या काढा. त्याहून चांगलं म्हणजे गणपतीच्या आधी दोन-तीन महिने एखाद्या मूर्तिशाळेत हात चालवा. शाडूत सोंड वळवलेल्या पोराला झेडब्रशमध्ये (संगणकावर मूर्ती घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वजन कुठं जातं हे शिकवावं लागत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथाचं काम मिळालं तर तेही सोडू नका. थर्माकोलचा बुरूज लांबून दगडी दिसावा म्हणून काय करतात आणि जवळून काय झाकतात, हे एन्व्हायर्नमेंटवाल्याला रोज लागतं.

आता मशीन. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या अधिकृत शिफारशीत ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड दिलंय, किमान मात्र ८ जीबी रॅमवरही ते चालतं. बजेट तुटपुंजं असेल तर १६ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला. त्याच पैशांत येणारा गेमिंग लॅपटॉप दिसायला भारी, पण मे महिन्यात तापून रडतो. पेन टॅबलेट साधा, स्क्रीन नसलेला, पुरे. यूपीएस हवाच. पहिल्या वळवात वीज जाते हे कुणाला सांगायला नको, आणि बेक, म्हणजे टेक्स्चरचा लांबलचक हिशेब, चालू असताना गेली तर संध्याकाळ गेली. फाइल दर वेळी नव्या क्रमांकानं सेव्ह करा, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर. फाइलींची नावं रोमन लिपीत, मधे जागा न सोडता. देवनागरी नावावर काही टूल्स अजून अडखळतात. सॉफ्टवेअर चोरून वापरू नका. ब्लेंडर आणि चित्रं काढायचं क्रिता फुकट आहेत, कॉलेजात असाल तर ऑटोडेस्क माया शिक्षणासाठी मोफत मिळतं, गेम ज्यात बांधतात ते अनरियल इंजिन शिकायला एक पैसा लागत नाही. टेक्स्चर रंगवायचं सबस्टन्स पेंटर तेवढं पैसे टाकून घ्यावं लागतं, कारण बहुतेक स्टुडिओंत तेच विचारतात.

काम पूर्ण झालं असं वाटलं की पाठवण्याआधी एक संध्याकाळ नुसती तपासणीला ठेवा. आधी माप. ब्लेंडर मीटरमध्ये बोलतं, अनरियल सेंटिमीटरमध्ये. निर्यात करताना चूक झाली तर काहील वाटीएवढी दिसते. शेजारी १८० सेंटिमीटरचा माणूस उभा करून बघा. मग टेक्सेल डेन्सिटी, म्हणजे वस्तूच्या लांबीवर टेक्स्चरचे किती पिक्सेल पडतात ते: एका मीटरला ५१२ पिक्सेल धरलेत तर सगळ्या दृश्यात तेच राहू द्या, चरक रेखीव आणि भिंत धुरकट असं होता कामा नये. टेक्स्चर १०२४, २०४८, ४०९६ याच मापात. यूव्ही, म्हणजे टेक्स्चर चढवण्यासाठी मॉडेल उलगडून सपाट पसरणं, ज्यांना अजून कळत नाही त्यांनी कुंद्याचा पुठ्ठ्याचा खोका कडेनं कापून टेबलावर सपाट पसरावा, कुठं कापलं तर शिवण दिसणार नाही ते स्वतः बघावं आणि मगच स्क्रीनकडे वळावं. नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे खाचखळगे भासवणाऱ्या टेक्स्चरमध्ये, उजेड उलटा पडत असेल तर हिरवा चॅनेल उलटा आहे: ब्लेंडर आणि युनिटी हे इंजिन ओपनजीएल पद्धत धरतात, अनरियल डायरेक्टएक्सची. बेस कलर सोडून रफनेस, मेटॅलिक (धातू आहे की नाही), नॉर्मल या नकाशांवर, म्हणजे मॅपवर, एसआरजीबी या रंगपद्धतीची खूण नको.

आणि गंज. पोर्टफोलिओत सगळ्यात जास्त ही चूक दिसते म्हणून थांबून सांगतो. गंज हा धातू नाही. लोखंड उघडं आहे तिथं मेटॅलिक १, गंज चढला तिथं ०, रंग लावला तिथंही ०, आणि मधल्या राखाडी किमती फक्त कडेच्या बारीक संक्रमणात. काजळीलाही पूर्ण काळा रंग देऊ नका. २५५ पैकी ३० ते ५० च्या आसपास ठेवला तर तिच्यावर उजेड पडलेला दिसतो, शून्यावर ठेवला तर वस्तूत भोक पडल्यासारखं वाटतं.

मांडणीत तीन-चार कामं पुरे, आणि सगळ्यात कच्चं काम काढून टाका, कारण तुमची किंमत त्यावरून ठरते. आर्टस्टेशन या पोर्टफोलिओच्या साइटवर प्रत्येक कामाचं अंतिम चित्र इंजिनमधूनच काढलेलं असू द्या. सोबत वायरफ्रेम (मॉडेलची जाळी), यूव्ही, टेक्स्चरचे नकाशे, जाळीतल्या त्रिकोणांची संख्या, आणि मूळ वस्तूचा एक फोटो. हा फोटो लोक लावत नाहीत, का ते कळत नाही; शेजारी खरी काहील दिसली की तुमची नजर किती बारीक आहे ते न सांगता कळतं. कुणाचं मॉडेल किंवा विकतचं झाड वापरलं असेल तर तसं लिहा. एआयचा हात कुठं लागला असेल तर तेही. ओळी इंग्रजीत, दोन-तीनच.

मुलाखतीच्या इंग्रजीचा बाऊ नको. स्वतःच्या कामावर पाच मिनिटं सरळ बोलता आलं की झालं, त्याची घरी आरशासमोर नाही, मित्रासमोर तालीम करा. बंगळुरूत तुमचं बेळगावी कन्नड कामाला येतं, पुण्यात मराठी. सीमेवर वाढल्याचा हा एक फायदा रोख मिळतो. कर्नाटकानं २०१२ मध्येच ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण आणलं, २०२४ ते २०२९ साठी नवंही केलं, पण त्यातून बेळगावात काही उभं राहील म्हणून अर्ज अडवून धरू नका. ऑफर रमी किंवा तसल्या पैसे लावायच्या ॲपची असेल तर कंपनी आता नक्की काय करते ते विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्यावर बंदीचा कायदा केलाय.

आर्ट टेस्ट, म्हणजे स्टुडिओनं परीक्षेसाठी दिलेलं काम, आली तर मुदत, अपेक्षित त्रिकोण, टेक्स्चरचं माप आणि कुठलं इंजिन, हे लेखी विचारून मगच हो म्हणा. चार-पाच दिवसांचं काम ठीक. पूर्ण लेव्हल बांधून मागत असतील तर पैशांचं विचारायला लाजू नका. दिलेला ब्रीफ सोडून आपल्या मनानं जादा काही घालू नका, तिथं सूचना पाळता का हेच बघतात. जमा करायची तारीख गणपतीत येत असेल तर आधीच सांगून पुढं ढकलून घ्या. विसर्जनाची मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही, आणि खिडकीखाली ढोल वाजत असताना यूव्ही लागत नाहीत.