जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल? या चुका टाळा

ठाण्यातल्या गॅरेजांत एक वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की पुढचे शब्द मीच म्हणून दाखवू शकेन. “साहेब, आपल्याकडे गरमी किती! पातळ ऑइल टिकत नाही. ट्वेंटी-फिफ्टी टाकतो, इंजिन मख्खन चालेल.” गाडीचं मॅन्युअल मात्र ग्लोव्ह बॉक्समध्ये, अजून प्लास्टिकच्या पिशवीत.

आधी गरमीचं निकालात काढू. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० (गॅरेजवाल्याचं ट्वेंटी-फिफ्टी) असा ग्रेड लिहिलेला असतो. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. ठाण्यात विंटर कुठला, म्हणून पहिला आकडा बिनकामाचा, असं बरेच जण धरून चालतात. पण पहिला आकडा ऑइल थंड असताना किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा ते १०० अंशांवर किती जाड राहतं ते, आणि सकाळी पार्किंगमध्ये तुमचं इंजिन असतं ३० अंशांवर. त्याच्या लेखी मे महिन्यातली सकाळही थंडच. ४० अंशांवर ५डब्ल्यू-३० ची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक्स असते, २०डब्ल्यू-५० ची दीडशेच्या आसपास. म्हणजे दुपटीहून जाड. आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापते म्हणाल, तर त्यासाठी कूलंट, थर्मोस्टॅट आणि पंखा आहेत. ते धड नसतील तर जाड ऑइल काय करणार?

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची पेट्रोल हॅचबॅक. मॅन्युअलमध्ये स्पष्ट ५डब्ल्यू-३०. सुरू करताना खालून ‘तर्रर्र’ आवाज यायचा. गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा नीट न उघडता निदान केलं, “इंजिन ढिलं झालंय”, आणि २०डब्ल्यू-५० ओतलं. तर्रर्र तसाच राहिला. वर सकाळी टॅपेटची (इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची) टकटक सुरू झाली, मायलेज घसरलं आणि एक दिवस माजिवड्याच्या पुलावर चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कॅम टायमिंगचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळेतल्या बिघाडाचा, कोड. आता त्याच गॅरेजने त्या टायमिंगचं ऑइल सोडणारा सोलेनॉइड बदलायचा खर्च सांगितला. तेव्हा काका माझ्याकडे आले, “अरे, तू जरा बघतोस का?”

डिपस्टिक ओढली तर ऑइल काकवीसारखं लोंबत होतं. ते काढून टाकलं, फिल्टर बदलला, पुस्तकातलं ऑइल भरलं. कोड पुसल्यावर दिवा परत आला नाही, टकटकही गेली. तर्रर्र शिल्लक होता. मग गाडीखाली आडवा झालो. एक्झॉस्टच्या हीट शील्डचा एक बोल्ट गंजून गळून पडला होता आणि पत्रा पाइपावर थरथरत होता. एक क्लॅम्प लावला, आवाज बंद.

या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. त्याच्या वाटा बारीक, वर बारीक जाळी. जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं, कॅम सांगितलेल्या जागी वेळेत येत नाही आणि कॉम्प्युटर बोंब मारतो. “पण दाब तर वाढतो ना?” हो, गेजवर वाढतो. पण दाब जास्त झाला की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल बेअरिंगकडे न जाता मागे फिरतं.

उलटी चूकही होते. मायलेजच्या हौसेने ३० च्या इंजिनात ०डब्ल्यू-२० टाकणारे भेटतात. गरम बेअरिंगमध्ये दाबाखाली टिकणारी व्हिस्कॉसिटी एसएईच्या (ऑइलचे ग्रेड ठरवणाऱ्या संस्थेच्या) मानकात २० ग्रेडला किमान २.६ आणि ३० ला २.९ मिलिपास्कल-सेकंद लागते. कंपनीने २० ला परवानगी दिली असेल तर खुशाल टाका. मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. त्यात ५डब्ल्यू-४० असेल तर तेही बिनधास्त वापरा, माझी हरकत तक्त्याबाहेर जाण्याला आहे.

बाइकमध्ये कारचं उरलेलं ऑइल ओतू नका, ग्रेड जुळत असला तरी. बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या पातळ ग्रेडमधले घर्षण कमी करणारे घटक त्याला घसरवू शकतात. मग गायमुखच्या चढावर इंजिन ओरडतं आणि बाइक जागची हलत नाही. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघा. स्कूटरचा क्लच कोरडा, तिथे एमबी चालतं.

बीएस६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर नुसता ५डब्ल्यू-३० आकडा पुरत नाही, कमी राखेचं ऑइल लागतं.

डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे भरू नका. काळं पडलं म्हणजे खराब झालं असं नाही, डिझेलमध्ये तर ते लगेच काळं पडतं.

मी सीलबंद डबा स्वतः नेतो, समोर ओतून घेतो आणि रिकामा डबा घरी आणतो. ग्रेड, तारीख आणि किलोमीटर मार्करने टेपवर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवतो. गॅरेजवाल्याला हा अविश्वास वाटतो. वाटू दे.

राहता राहिली खरोखर ऑइल पिणारी जुनी गाडी. तिथे आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत का, ते कळल्याशिवाय ग्रेडला हात लावू नका. जाड ऑइलने धूर थोडे दिवस दबतो, म्हणूनच विकायला काढलेल्या गाडीत ते हमखास सापडतं. अशी गाडी बघायला जाल तर सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने तुम्ही यायच्या आधीच ती चालू करून ठेवली असेल, तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता परत जा.