उद्याचा बेत इंग्रजीत सांगताना: विल, गोइंग टू की आयएनजी?

भविष्यकाळ म्हटला की विल, असं शाळेत डोक्यात बसतं. त्यामुळे वाक्य बरोबर असूनही ऐकणारा भलताच अर्थ घेतो. काम कधी होणार, यापेक्षा ते कधी ठरलं हे आधी बघा.

दाराची बेल वाजली आणि तुम्ही उठलात: ‘आय विल गेट इट.’ निर्णय त्याच क्षणी झाला, म्हणून विल. शब्द देताना, मदत करतो म्हणताना, नुसता अंदाज बांधतानाही विलच.

मनाशी आधीच ठरलंय, पण पुढे काही हललेलं नाही: ‘आय अ‍ॅम गोइंग टू लर्न जर्मन.’ फी भरली, बॅचची तारीख मिळाली, की ‘आय अ‍ॅम स्टार्टिंग जर्मन ऑन मंडे.’ तिकीट, अपॉइंटमेंट, समोरच्याचा होकार यांपैकी काही हातात असेल तर आयएनजी वापरा. रजा मंजूर, तिकीट काढलेलं, तरी साहेबांना ‘आय विल गो टू नागपूर ऑन फ्रायडे’ म्हणालात, तर बेत आत्ताच सुचल्यासारखा वाटतो. ‘आय अ‍ॅम गोइंग टू नागपूर ऑन फ्रायडे’ म्हणा. (इथे टूनंतर गावाचं नाव आलंय, क्रियापद नाही, म्हणजे हे वाक्य आयएनजीचंच.) वेळ मात्र सांगा. ती आधीच्या बोलण्यातूनही कळत नसेल, तर ‘आय अ‍ॅम मीटिंग द मॅनेजर’चा अर्थ आत्ता भेटतोय असाच होतो.

पाऊस कुणी ठरवत नाही, म्हणून ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ चूक. ढग दाटून आलेले दिसत असतील तर ‘इट इज गोइंग टू रेन’. नो (माहीत असणे), नीड, वाँट या क्रियापदांनाही बेत सांगायला आयएनजी लावू नका: ‘आय विल नीड द कार टुमॉरो.’

वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ पुरतो, मराठीतल्या ‘गाडी सव्वासातला सुटते’सारखा: ‘द डेक्कन क्वीन लीव्ज पुणे अ‍ॅट सेव्हन फिफ्टीन.’

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इफ आणि व्हेनपाशी. ‘मी पोचलो की फोन करतो’ हे ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल’ होतं, किंवा ‘पाऊस पडला तर’मधला भूतकाळ तसाच इंग्रजीत उतरतो. व्हेन, इफ, अंटिल, आफ्टरच्या तुकड्यात साधा वर्तमानकाळ ठेवा आणि विल दुसऱ्या तुकड्यात: ‘व्हेन आय रीच, आय विल कॉल.’ ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे होम.’ फक्त ‘कधी येणार ते माहीत नाही’ अशा वाक्यात व्हेननंतर विल चालतं: ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.’