कंटेनर जहाजावर प्रवासी म्हणून जायचे असेल तर

धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर कंटेनर लादलेले ट्रेलर रोज दिसतात, आणि रावेर, यावल, सावदा भागातील केळी रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवा बंदरातून आखाती देशांकडे जातात, हेही खान्देशात कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. ज्या जातीच्या जहाजांवर हे कंटेनर चढतात, त्यांतल्या काहींवर पैसे भरून प्रवासी म्हणूनही जाता येते, ही गोष्ट मात्र फारशी ठाऊक नसते. असा प्रवास कसा जमवावा, याची माहिती पुढे दिली आहे. एक बाब आरंभीच ध्यानात असावी. या जहाजाचा मार्ग, वेळापत्रक आणि बंदरातील मुक्काम ही सारी मालाच्या सोयीने ठरतात. ज्याला आठ-पंधरा दिवस मागेपुढे करण्याची सवड नाही, त्याने हा बेत सध्या बाजूला ठेवलेला बरा.

पहिले काम म्हणजे जागा खरोखर उपलब्ध आहे का, याचा शोध घेणे. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि त्याला बांधणीपासून जीवरक्षक नौकांपर्यंत अधिक कडक नियम लागू होतात. म्हणून मालवाहू जहाजे बाराच्या मर्यादेत राहतात, आणि प्रत्यक्षात एका जहाजावर दोन-चार केबिनच प्रवाशांच्या वाट्याला येतात. २०२० पर्यंत युरोपातील काही कंपन्या, विशेषतः फ्रान्सची सीएमए सीजीएम, अशा जागा नियमितपणे देत असत. कोविडच्या साथीत हे बंद झाले आणि त्यानंतर थोड्याच मार्गांवर पूर्ववत झाले. त्यामुळे साथीपूर्वीच्या माहितीवर विसंबून बेत आखू नये. मालवाहू जहाजांच्या प्रवासाची नोंदणी करणारे मोजके एजंट युरोपात आहेत. त्यांना पत्र लिहून आज कोणत्या मार्गावर जागा आहे, भारतीय पासपोर्टधारकाला घेतात का, आणि प्रवास रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळते, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागवावीत. नोंदणी तीन ते सहा महिने आधी करावी लागते.

येथे एक इशारा देणे भाग आहे. ‘जहाजावर काम करा आणि फुकट जग पाहा’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर फिरत असतात, आणि मर्चंट नेव्हीच्या नोकरीच्या नावाखाली गावोगावच्या तरुणांकडून लाखो रुपये उकळले जातात. खलाशाचे काम करण्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि सीडीसी हे खलाशाची ओळख व जहाजावरील नोकरीची नोंद असलेले कागदपत्र लागते, आणि भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. काम करून तिकिटाचे पैसे फेडण्याची सोय आजच्या कंटेनर जहाजांवर नाही. दुसरा एक मार्ग मात्र खरा आहे. घरातील कुणी जहाजावर वरिष्ठ अधिकारी असेल, तर बऱ्याच कंपन्या त्याच्या पत्नीला काही काळ सोबत राहू देतात. अशा व्यक्तीची नोंद ‘सुपरन्यूमररी’ म्हणजे नेमणुकीबाहेरची व्यक्ती म्हणून होते आणि कागदपत्रे कंपनीच पाहते. खान्देशातील ज्या कुटुंबांत मुलगा किंवा जावई जहाजावर आहे, त्यांनी आधी हीच चौकशी करावी.

आपल्या घराजवळचे बंदर म्हणून न्हावा शेवातूनच चढण्याचा हट्ट धरू नये. विक्रीस असलेल्या जागा प्रामुख्याने युरोपातील बंदरांतून निघणाऱ्या जहाजांवर असतात, त्यामुळे हॅम्बर्ग, रॉटरडॅम किंवा ल हाव्रपर्यंत विमानाने जाऊन तेथून आशियाकडे यावे, हा क्रम अधिक व्यवहार्य ठरतो. सिंगापूर ते युरोप हे अंतर सुएझ कालव्यातून कापायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून नेली आणि प्रवासात सुमारे दहा ते चौदा दिवसांची भर पडली. सुएझ पाहण्याच्या ओढीने नोंदणी करणाऱ्याने जहाज प्रत्यक्ष कोणत्या मार्गाने जाणार, हे निघण्यापूर्वी पुन्हा विचारून घ्यावे.

खर्च दिवसावर मोजला जातो. साथीपूर्वी केबिन आणि तीन वेळचे जेवण मिळून दिवसाला साधारण १०० ते १३० युरो पडत, म्हणजे युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरला तर महिन्याच्या प्रवासाला तीन ते चार लाख रुपये. आजचा दर एजंटाकडूनच घ्यावा. त्यात बंदर-शुल्क, विमा, व्हिसा आणि बंदरापर्यंतचे विमानभाडे वेगळे धरावे लागते. विमानाने तेच अंतर एका दिवसात आणि याच्या काही अंशात कापता येते, तेव्हा पैसे वाचवण्यासाठी कुणी या वाटेला जाऊ नये.

सर्वाधिक काळजी व्हिसाची घ्यावी, कारण बेत बहुधा तेथेच फसतो. खलाशांना बंदरात उतरण्यासाठी ज्या सवलती असतात, त्या प्रवाशाला मिळत नाहीत. जहाज ज्या ज्या देशात थांबते त्या प्रत्येक देशाचा व्हिसा आपल्याजवळ असावा, अशी अट कंपन्या घालतात, मग आपण तेथे उतरणार असू वा नसू. हॅम्बर्ग, फेलिक्सस्टो, रॉटरडॅम असा क्रम असेल तर जर्मनीतून ब्रिटनला जाताना आपण शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, क्षेत्राबाहेर पडतो आणि रॉटरडॅमला पुन्हा आत शिरतो. म्हणून शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा मागावा आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा. अमेरिकेतील एकही बंदर मार्गात असेल तर तेथील पर्यटक व्हिसा हवाच, आणि त्याच्या मुलाखतीची तारीख मिळण्यास बराच काळ लागू शकतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. भुसावळ-जळगावकडून रात्रीच्या गाडीने निघाले तर ते काम एका दिवसात होते, पण अर्जासोबत जहाज कंपनीचे किंवा एजंटाचे नोंदणीपत्र आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासावे. विमानाचे तिकीट पाहण्याची सवय असलेल्या खिडकीवर जहाजाचे पत्र पाहून प्रश्न विचारले जाणारच. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतरही किमान सहा महिने शिल्लक असावी. जहाज उशिरा पोहोचण्याची शक्यता धरून व्हिसाच्या मुदतीतही दोन आठवड्यांची सैल जागा ठेवावी.

जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांची पेटी सहसा सेकंड ऑफिसरच्या ताब्यात असते आणि गरज पडल्यास किनाऱ्यावरील डॉक्टरांचा सल्ला रेडिओ किंवा उपग्रह फोनवरून घेतला जातो. त्यामुळे प्रकृती उत्तम असल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. वयाची वरची मर्यादा बहुधा पंच्याहत्तर ते ऐंशीच्या दरम्यान असते, आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना घेतले जात नाही. प्रवाशाच्या आजारपणामुळे जहाजाला मार्ग बदलावा लागला तर त्याचा खर्च प्रचंड असतो, म्हणून त्यासाठी वेगळा विमा काढायला लावतात. नेहमीच्या प्रवास विम्यात तो नसतो. मार्गावर आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेले देश असतील तर त्याची लस मुंबईतील अधिकृत केंद्रात टोचून घ्यावी. तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि ते नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे ठरलेल्या काळाच्या दुप्पट न्यावीत.

ज्याने तापी आणि गिरणेपलीकडे मोठे पाणी पाहिलेले नाही, त्याने इतका खर्च करण्यापूर्वी देशातच एक चाचणी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चेन्नई, विशाखापट्टणम आणि कोलकात्याहून अंदमानला प्रवासी आणि माल दोन्ही नेणारी जहाजे जातात, आणि त्यांना तीन-चार दिवस लागतात. कोचीहून लक्षद्वीपला जाणारी जहाजे एका दिवसाच्या आत पोहोचतात, मात्र तेथे जाण्यासाठी आधी परवाना काढावा लागतो. भाडे कमी आहे, पासपोर्टचा प्रश्न नाही, आणि आपले पोट समुद्राला कसे तोंड देते, हे स्वस्तात कळते.

सामान बांधताना खान्देशी स्वयंपाकघर सोबत नेण्याचा मोह आवरावा. केबिनमध्ये शेगडी, इलेक्ट्रिक रॉड किंवा कॉइल वापरण्यास सक्त मनाई असते आणि जहाजाच्या स्वयंपाकघरात प्रवाशाला मुक्त प्रवेश नसतो, तेव्हा कळण्याचे पीठ, बिबडे आणि कुरडया घरीच राहू द्याव्यात. लसणाची कोरडी चटणी, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पापड, चिवडा आणि पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी दशम्या एवढे पुरे. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचे बंदर मार्गात असेल तर तेथील जैवसुरक्षा तपासणी फार कडक असल्यामुळे बियाणे, सुका मेवा, घरगुती खाद्यपदार्थ यांची नोंद आगमनाच्या वेळच्या अर्जात न चुकता करावी. शाकाहारी प्रवाशाने नोंदणीच्या वेळीच तसे कळवावे आणि जहाजावर चढल्यावर चीफ कुकला स्वतः भेटून अंडी, मासे, मांसाचा रस्सा यांतले काय चालत नाही, हे नीट सांगावे. अनेक जहाजांवर फिलिपिनो किंवा पूर्व युरोपीय आचारी असतात आणि ‘शाकाहारी’ याचा अर्थ त्यांच्याकडे मासे चालतात असाही होऊ शकतो. भात, डाळ, पाव, बटाटे आणि कोशिंबीर बहुतेक ठिकाणी मिळते. जहाजावर भारतीय अधिकारी असतील तर वरण-पोळीची सोयही कधी होते. एकादशीचा उपवास करणाऱ्याने भगर विसरावी आणि राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाणे न्यावेत. देवापुढे उदबत्ती किंवा दिवा केबिनमध्ये लावू नये. धुराचा इशारा देणारे यंत्र वाजले की सगळे जहाज पळत येते, आणि समुद्रावर आगीइतके भय कशाचेच नसते. याखेरीज पुढून बंद असलेली, न घसरणारी पादत्राणे, वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट, दुर्बीण, आधीच उतरवून घेतलेली पुस्तके आणि थोडे सुटे डॉलर सोबत असावेत. जहाजावर कार्ड चालत नाही.

बंदरात शिरण्याचीही एक रीत असते. २००४ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांमुळे टर्मिनलमध्ये कुणालाही चालत जाता येत नाही. स्थानिक पोर्ट एजंट प्रवाशाचे नाव दरवाज्यावर देतो, इमिग्रेशन करवून घेतो आणि वाहनाने गँगवेपर्यंत, म्हणजे जहाजावर चढण्याच्या जिन्यापर्यंत, पोहोचवतो. जहाज नक्की कधी लागणार हे शेवटच्या दोन-तीन दिवसांतच कळते, आणि धुके, संप किंवा धक्क्यावरील गर्दी यांमुळे तेही बदलते. म्हणून त्या शहरात किमान तीन-चार दिवस आधी पोहोचून रद्द करता येईल अशीच खोली घ्यावी. गँगवे उंच, अरुंद आणि हलता असतो. जड चाकाच्या बॅगेऐवजी पाठीवरची पिशवी घ्यावी, कारण वर गेल्यावरही अनेकदा लिफ्टविना पाच-सहा मजले चढायचे असतात.

चढल्यावर पासपोर्ट कप्तानाकडे जमा होतो, म्हणून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. त्यानंतर एक अधिकारी सुरक्षेची माहिती देतो, आणि ती मन लावून ऐकावी. आपत्तीचा इशारा सात छोटे आणि एक लांब भोंगा असा असतो, तो ऐकताच जीवरक्षक जाकीट आणि इमर्शन सूट (थंड पाण्यात बचाव करणारा अंगभर पोशाख) घेऊन ठरलेल्या जागी जमायचे असते. सरावही होतो आणि तो प्रवाशाला टाळता येत नाही. जहाज चारशे मीटर लांब असले तरी त्यावर माणसे वीस-पंचवीसच असतात, आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. न्याहारी साडेसात, दुपारचे जेवण बारा आणि रात्रीचे सहाच्या सुमारास, या वेळा पाळाव्यात. ब्रिजवर, म्हणजे जहाज जेथून चालवतात त्या कक्षात, परवानगी घेऊन जावे, आणि पायलट (जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार) जहाजावर असताना, कालव्यात किंवा बंदरात शिरताना तेथून बाजूला व्हावे. डेकवर फिरायला जाताना ब्रिजला कळवावे. बंदरात कंटेनर उतरवण्याचे काम चालू असताना आणि खवळलेल्या समुद्रात डेकवर जाऊच नये. पश्चिमेकडे जाताना घड्याळ एकेक तास मागे आणि पूर्वेकडे येताना पुढे करतात, त्याची सूचना मेसमध्ये लावलेली असते. मद्य अनेक कंपन्यांत पूर्णपणे वर्ज्य आहे.

पोट ढवळण्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो आणि बहुतेकांचा नंतर कमी होतो. राहण्याचे मजले उंचावर असल्याने तेथे डोलणे अधिक जाणवते, म्हणून त्रास वाटू लागताच खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्याकडे जाऊन बसावे. गोळ्या वादळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्याव्यात, विशेषतः काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर न विचारता घेऊच नयेत. उपग्रहावरील इंटरनेट आता बऱ्याच जहाजांवर असते, पण ते प्रवाशाला मिळेलच असे नाही, तेव्हा काही दिवस निरोप आला नाही तरी घाबरू नये, असे घरच्यांना निघतानाच सांगून ठेवावे.

बंदरे पाहण्याची फार आशा बाळगू नये. पूर्वी माल गोण्यांनी उतरत असे तेव्हा जहाजे आठवडाभर थांबत. आता क्रेन एका दिवसात काम उरकतात आणि टर्मिनल शहरापासून दूर असते. गँगवेजवळच्या फळ्यावर परतण्याची वेळ लिहिलेली असते. ती चुकवणाऱ्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही, आणि पुढचे बंदर गाठण्याचा खर्च त्याचाच असतो.

शेवटच्या बंदरात उतरण्याची तारीखही अशीच सरकती असल्याने परतीचे विमान बदलता येणारेच घ्यावे. उतरताना पासपोर्ट कप्तानाकडून परत मागून घ्यावा, मेसमन आणि आचाऱ्याला आपल्या इच्छेने काही द्यावे, आणि टर्मिनलच्या दरवाज्याबाहेर पडण्यापूर्वी इमिग्रेशनमध्ये आपल्या आगमनाची नोंद झाली आहे का, हे एजंटासमोरच पाहावे. विमानतळावर ती आपोआप होते. बंदरावर अधिकाऱ्याला मुद्दाम बोलवावे लागते, आणि ती राहून गेली तर देश सोडताना आपण आत आलो कसे, याचा खुलासा आपल्यालाच करावा लागतो.